सतरा नंबर हजर

त्या घटनेला किती वर्षं झाली हे मी मोजत नाही, कारण माझ्यासाठी ती कधी जुनी झालीच नाही. पुण्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. मिसिंग रजिस्टर, म्हणजे हरवलेल्या माणसांची नोंदवही, माझ्याकडे होती.

एक शेतकरी दर महिन्याला ठाण्यात यायचा. गाव कात्रजच्या बाजूचं, नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं, त्यामुळे जमिनीला सोन्याचा भाव. त्याचा थोरला भाऊ तरुणपणापासून मनोरुग्णालयात होता. रुग्णालय जुन्या इमारतीतून नव्या जागेत हलवलं आणि आठवड्याभरात तो तिथून पळाला. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, देवळं, नदीकाठ, आम्ही सगळं पालथं घातलं होतं.

हरवलेल्याचे नातेवाईक ठाण्याच्या पायरीवरूनच विचारतात, "सापडला का?" हा विचारायचा, "सायेब, सापडला न्हाई असं लिवून कवा देताय?" सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही, की कोर्टाकडून माणूस मृत ठरवून घेता येतो. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती. मी काय ते समजलो.

खबर अनपेक्षित ठिकाणाहून आली. जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारात आता विद्यापीठाचे वर्ग भरत. तिथला कॅन्टीनवाला, पेठेतला जुना मुसलमान गृहस्थ, सायकल चोरीची तक्रार द्यायला आला होता. ठाण्याच्या फलकावर लावलेला त्या थोरल्या भावाचा फोटो पाहून तो थबकला. "अहो साहेब, हे तर आमचे सतरा नंबर!"

मी त्याच्याबरोबर गेलो. इमारत दगडी, इंग्रजांच्या वेळची. खिडक्यांचे गज कापले होते, पण चौकटींत त्यांची भोकं तशीच होती. बायकांच्या वॉर्डात ग्रंथालय झालं होतं, कोंडून ठेवायच्या खोल्यांत प्राध्यापकांची कपाटं. जुनी पितळी घंटा तेवढी कामात होती. पूर्वी ती रुग्णांच्या गिनतीला वाजायची, आता तास सुटायला.

पाचची घंटा झाली. झाडू भिंतीला टेकवून एक म्हातारा व्हरांड्यात ताठ उभा राहिला. "सतरा नंबर हजर!" असं ओरडून तो पुढच्या नंबरासाठी थांबला. अठरा नंबर म्हणणारं कोणी नव्हतं. जरा वेळानं त्यानं पुन्हा झाडू उचलला. विद्यापीठाला वाटे तो सफाईच्या कंत्राटदाराचा माणूस, कंत्राटदाराला वाटे विद्यापीठाचा. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला माणूस पुन्हा जुन्या इस्पितळातच जाईल, हे आमच्या शहाण्या डोक्यांत आलंच नव्हतं.

"राहू द्या ना साहेब इथंच," कॅन्टीनवाला म्हणाला. "दोन वेळचं मी देतोय. या भिंती सोडून त्यांना दुसरं काही ठाऊक नाही."

"अहो, कायदा काय तुमच्या चहासारखा कटिंग मिळतो का?" मी म्हणालो. तेव्हा मला ते उत्तर फार खमंग वाटलं होतं.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं आणि धाकट्या भावाला बोलावून घेतलं. म्हाताऱ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ह्यो आमचा न्हाई." धाकट्याला सकाळपासून बाकावर बसवलं. हात उगारला नाही. तेच साधे प्रश्न तीनदा विचारले, त्यानं तीनदा नाही म्हटलं. शेवटी म्हाताराच पुढं वाकून त्याच्या पायाकडे पाहत बोलला, "विळा लागला व्हता हितं. म्या पाठुंगळी नेलं तुला." धाकट्यानं पाय बाकाखाली ओढून घेतला आणि तिथंच केस फुटली.

खरं तर म्हाताऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करून रुग्णालयात परत पाठवता आलं असतं. पण या भावाला धडा शिकवायची मला खुमखुमी आली होती. "सख्खा भाऊ आहे तुझा. घरी ने आणि सांभाळ."

"घरात बायकापोरं हायेत, सायेब."

"लाज वाटू दे जरा," मी म्हणालो आणि ताबा पावती पुढं सरकवली. त्यानं सही केली. निघताना म्हाताऱ्यानं मला विचारलं, "घंटेला परत येऊ ना?" मी हो म्हटलं. वरिष्ठ साहेबांनी माझी पाठ थोपटली, मी खूश होतो.

चार महिन्यांनी धाकटा पुन्हा आला. हातात मृत्यूचा दाखला होता. ताप आला, दोन दिवसांत गेला, म्हणाला. मी गावात जाऊन चौकशी केली. गोठ्याशेजारची खोली, बाहेरून कडी. शेजारीण म्हणाली, "दिस कलला की आतून वरडायचा, सतरा नंबर हजर. मग घरची दार बडवून गप करायची. पुढं पुढं गपच झाला." डॉक्टरांनी लिहिलेलं कारण नैसर्गिक होतं, मला त्याविरुद्ध काहीही मिळालं नाही.

जाताना धाकट्यानं हात जोडले. "सात वर्सं थांबावं लागलं आसतं, सायेब. तुमच्यामुळं लवकर सुटलो." त्यात टोमणा नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

नोकरीत मी कितीतरी हरवलेली माणसं घरी पोहोचवली. घर कोणतं, हे मी कागद पाहून ठरवायचो. या एकानं ते मला न विचारताच सांगितलं होतं, रोज पाच वाजता, ओरडून. तरी मी ऐकलं नाही. रजिस्टरमधला शेरा माझ्याच अक्षरात आहे : 'इसम मिळून आला. नातेवाइकाच्या ताब्यात दिला. तपास बंद.' त्या आवारात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. घंटा अजून वाजते म्हणतात. सतरा नंबर आता तिथं नाही, आणि त्याला तिथून नेणारा मीच होतो.