इस्पितळातले पाहुणे

दवाखान्यातून येताना औषधाची बाटली एक अन् किस्से पिशवीभर! बाटली केव्हाच संपली. किस्से सांगायला बसले की अजून एखादा निघतोच.

आमच्या बाळाला हगवण लागली, डोळे खोल गेले, तशी आम्ही हिंगणघाटला इस्पितळात धावलो. शेजारच्या खाटेवर वडनेरच्या कौसाबाईची बाळंतीण सून. तिच्यासाठी कौसाबाईने शेगडी, पाटा-वरवंटा आणि एक जिवंत कोंबडी आणलेली!

डॉक्टरीणबाई ओरडल्या, "ही काय धर्मशाळा आहे?" मग स्वतःच हसल्या. "तशी होतीच म्हणा! हॉस्पिटल हे नाव लॅटिनमधल्या पाहुण्याच्या शब्दावरून आलं. तिकडे पूर्वी हॉस्पिटल म्हणजे वाटसरूंना, गोरगरिबांना, म्हाताऱ्यांना निवारा आणि जेवण देणारं घर. औषधपाणी मागाहून आलं. आपलं इस्पितळ तेच, अन् हॉटेलही त्याच कुळातलं!"

"मंग माह्यं काय चुकलं? पाहुण्याले चूल नाई लागत का?" कौसाबाई म्हणाली.

कोंबडी बाहेर गेली. शेगडी व्हरांड्यात राहिली!

*

हॉटेलचं नाव पुरुषांच्या वॉर्डात पोचलं. एका पाटलांनी खाटेवरूनच ऑर्डर सोडली, "कंपाउंडर, एक चहा अन् गरम भजे!"

कंपाउंडरने कडू मिक्श्चर पुढे केलं. "आज हेच शिजलं, पाटील!"

*

एक म्हातारबुवा बरे झाले, तरी खाट सोडेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुवा, आता घरी जा."

"बाई, पाहुण्याले 'जा' नाई म्हणत. 'पुन्हा या' म्हणतेत!"

"दवाखान्यात 'पुन्हा या' कसं म्हणू हो?"

तेवढ्यात शिपायाने बुवांची गादी गुंडाळली!

*

मला मात्र हसू अर्धवटच यायचं. "लघवी झाली की लगेच सांगा, तोवर मला चैन नाही," असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या, आणि बाळाचं दुपटं सकाळपासून कोरडं. मी घडोघडी हात लावून पाही. कौसाबाईने त्या शेगडीवर तांदळाची पेज शिजवली, गाळून आणली. पाजायला चमचाही तिनेच घेतला.

"तू नुसती मांडी दे वं, पोरी. बाकी मी पाह्यतो."

ना नात्याची, ना गावची! तिचे उपकार मी कुठे फेडू?

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासायला बाळाला उचललं, आणि त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर धार लागली! मी पदर घेऊन धावले. "चुकलं बाई, पुसते!"

"खबरदार हात लावाल तर!" त्या म्हणाल्या, आणि ओली साडी तशीच धरून एकेका खाटेपाशी दाखवत निघाल्या.