बाबा, उठू नका

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ काहून बोलून राहिले — ते मलाच नीट कळत नाही.

माझे बाबा उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. चालताना गुडघे उंच उचलायचे, पाण्यातून चालल्यासारखे. पंजा वर होतच नसे, जमिनीवर आपटायचा — थप्. चप्पल वाटेत गळून पडायची अन् त्यांना पत्ताच नसायचा. पुढे आवाजही घोगरा झाला. याला काही नाव असतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक? बाबांची चाल तशी आहे, एवढंच आम्ही म्हणायचो.

मला पाहायला कोराडीहून पाहुणे यायचे होते. सकाळीच मी म्हटलं, "बाबा, त्यांच्यासमोर उठू नका."

बाबा हसले. "बरं वं माय. आज मी म्हणजे खुर्चीच समज."

उठले नाहीत. लग्नातही नाही. मी निघाले तेव्हा सगळा मांडव गाडीपाशी आला, अन् बाबा तिकडे खुर्चीवर. मी त्यांना हाक मारू शकले असते ना? नाही मारली.

गाडीतच सासूबाई म्हणाल्या, "लई माज आहे वं तुझ्या बापाले! पोरगी चालली, अन् माणूस खुर्ची सोडत नाही."

 त्या घरात बाबा मरेपर्यंत माजोरडेच राहिले.

पण एवढंच असतं तर —

बाबा गेले तेव्हा माझा मुलगा रांगत होता. तो दहावीत गेला, अन् त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. न्हाणीतून आला की फरशीवर ओली टाच उमटायची, बोटं उमटायची, मधला तळवा नाही. मी घाईघाईनं पोछा फिरवायची. बाबांचा पाय असाच उमटायचा; मला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला असं होतं का?" शेजारी नवरा, सासूबाई. मी म्हटलं, "नाही."

मग शुगर तपासली, ताकदीची इंजेक्शनं झाली, शेवटी मणक्याचं ऑपरेशन — गरज नसलेलं. कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. नसांचा आजार निघाला, माझ्याकडून त्याच्यात आलेला. माझ्यातही आहे, थोडा.

"तुह्या माहेरी कोणाले होतं वं आई?" पोरानं विचारलं.

सासूबाई कधीच गेल्या होत्या. आता कोणाची भीती होती? तरी मी म्हटलं, "कोणालेच नाही."

आता आम्ही मनीषनगरात राहतो. जिन्यात पोराचा पाय आपटतो, थप्, अन् माझा जीव उमरेडच्या अंगणात जातो. बाबांच्या पावलाच्या त्या एका आवाजासाठी कान तरसतात हो.

परवा तो जिन्यात पडला. उठून बसला, धूळ झटकली अन् म्हणाला, "आई, असा चालणारा मी एकटाच हाओ काय वं?"

बाबांना सगळं येत होतं. जिना तिरपं वळून कसा उतरायचा, चपलेला मागून पट्टी कशी शिवायची, गल्लीतली पोरं नक्कल करायला लागली की आपणच आधी कसं हसायचं. हे सगळं माझ्या पोराचं होतं. मी त्याला मिळू दिलं नाही.

त्याच्या गुडघ्याला मी हळद लावली. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी हळदीची वाटी उचलून आत गेले.