पसारा नको

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दात बनवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा साचा पाठवून द्यायचे आणि भावोजी एका लॅबमध्ये दिव्याखाली मान घालून मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत कवळी तयार करायचे. बरोबरीचे लोक त्यांना ‘बत्तीशी’ म्हणायचे. माणूस स्वतः मात्र दात दाखवून हसणाऱ्यातला नव्हता. गंमत वाटली तर डाव्या गालाला खळी पडायची, तेवढंच.

एके दिवशी ते संध्याकाळी घरी चालत आले आणि बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाले, “गाडी विकली.”

ताईच्या हातात चहाची गाळणी होती. “विकली? कुणाला विचारून?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे मी नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. वा!”

“ऐकून तर घे,” ते म्हणाले. “माझं पोट सुटलंय, तुझी कंबर धरते, पोरी दाराच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी गाडीची वाट बघतात. आपण सगळ्यांनी सायकली घेऊ. लॅब जवळ, शाळा वाटेवर, तुझं दुकानही फार लांब नाही. जरा साधं जगून बघू की.”

ताई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. शाळा सुटल्यापासून ती सायकलवर बसली नव्हती. पहिल्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेंदीच्या कुंपणात घुसली आणि केसांत पानं घेऊन दुकानात पोचली. आठवडाभर तिने भावोजींना धारेवर धरलं. पण पुढे काय झालं कोण जाणे, तिला ते आवडायला लागलं. मला फोन करून सांगायची, “अगं, सकाळी बेकरीवरून जाताना कसला वास येतो! इतकी वर्षं काचा वर करून गेले, मला पत्ताच नव्हता.”

घरात चार सायकली झाल्या. थोरली तेराची होती, ती भावोजींबरोबर निघायची, कारण तिची शाळा लॅबच्या अलीकडेच होती. धाकटी सहाची. तिला स्वतःची छोटी सायकल होती, पण ती अंगणापुरतीच. शाळेत ती ताईच्या मागे कॅरिअरवर बसून जायची. संध्याकाळी चौघं एकत्र जेवायची, पत्ते खेळायची, लवकर झोपायची. ताईचा चेहरा उजळला होता. मी तर माझ्या नवऱ्याला टोमणेही मारायला लागले होते.

मग घर रिकामं व्हायला लागलं.

आधी दिवाणखान्यातलं काचेचं बुटकं टेबल गेलं. मग गालिचा. मग कोपऱ्यातली शोकेस, आतल्या बाहुल्यांसकट. भावोजी प्रत्येक वेळी एकच म्हणायचे, “पसारा नको.” चपला दारात दिसल्या की त्यांचा पारा चढायचा. धाकटीने रंगपेटी जमिनीवर पसरली की ते ओरडायचे, आणि ते कधी ओरडणाऱ्यातले नव्हते. शेवटी पॅसेजमधल्या ताईच्या कुंड्यासुद्धा एका सकाळी गच्चीवर गेल्या. ऊन त्यांना सोसलं नाही, त्या वाळल्या.

मी एकदा गेले तर हॉलमध्ये भिंतीला टेकवलेला एक दिवाण आणि चार खुर्च्या. आवाज घुमत होता. मी म्हटलं, “ताई, पुढच्या वेळी मला बसायला खडूने चौकोन आखून ठेवा.”

ताई हसली, पण तिने एकदा भावोजींकडे बघून घेतलं.

त्याच दिवशी मी चहाचा कप त्यांच्या बाजूने पुढे केला. ते समोर बघत बसून राहिले. मी कप धरून उभी. हात भाजायला लागला तसा मी तो खाली ठेवला आणि मनात म्हटलं, गेले उडत, कसला एवढा ताठा! घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं की साधं राहता राहता भावोजी माणसांनाही पसाऱ्यात धरायला लागलेत.

आणखी एक नियम आला. दिवे लागायच्या आत सगळ्यांनी घरात. माझ्या घराच्या वास्तूचं जेवण संध्याकाळी होतं, तर ताई एकटी आली. सिनेमा बंद. कुणाकडे उठबस बंद. ताईने एकदा विचारलं, “आपण साधे राहतोय की लपून राहतोय?” भावोजी उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

याच सुमारास थोरलीचं काहीतरी बिनसलं. बडबडी पोर, ती घुम्यासारखी वागायला लागली. शाळेच्या मैत्रिणी सकाळी हाका मारून थकल्या, ही बाबांशिवाय निघेना. सायकल कायम रहदारीच्या बाजूला, बाबांच्या जोडीने, आणि सारखी घंटी वाजवत. समोर कुणी नसलं तरी वाजवायची. शेजारच्या आजी म्हणायच्या, “तुमची थोरली आली की आम्हाला कळतं, दूधवाल्यालासुद्धा लाजवते.”

एका रविवारी धाकटी हट्टाने बाबांच्या कॅरिअरवर चढली. थोरलीने तिला दंडाला धरून खाली ओढलं. धाकटी भोकाड पसरून पुन्हा चढली, तर थोरलीने तिच्या थोबाडीत मारली. ताई धावली. “लाज नाही वाटत? एवढीशी पोर ती! बाबा काय तुझ्या एकटीचे आहेत?”

थोरली बाबांकडे बघत होती. भावोजींनी हळूच धाकटीला उतरवलं आणि म्हणाले, “आज नको, चाकात हवा कमी आहे.” ताईने रात्रीच्या भाकरीसाठी पीठ मळताना सहज जाऊन चाक दाबून बघितलं. चाक दगडासारखं टणक होतं.

ताईला तेव्हापासून झोप नीट लागेना. काय आहे ते कळत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. नवरा आणि मुलगी यांच्यात एक गोष्ट आहे आणि आपण तिच्या बाहेर आहोत, असं तिने मला फोनवर सांगितलं. मी नको नको ते विचार केले, ते इथे सांगत नाही.

मग थोरलीला ताप आला. अंग तव्यासारखं तापलं होतं. ताईने दुकानात निरोप पाठवला आणि तिच्या उशाशी बसली. भावोजी दारातून म्हणाले, “धाकटीला मी सोडतो.”

“सावकाश जा,” ताई म्हणाली. दार लागलं. सायकलचं स्टँड वर घेतल्याचा खटका ऐकू आला.

तो आवाज ऐकून थोरलीने डोळे उघडले. “कोण गेलं?”

“बाबा. धाकटीला घेऊन.”

थोरली अंथरुणातून उठलीच. भिंत धरत दाराकडे निघाली. “आई, त्यांना थांबव. आई, बाबांना बाजूचं दिसत नाही!”

“काय बोलतेस? तापात आहेस तू.”

“दिसत नाही गं! मी शाळेच्या फाटकाशी हात करत उभी होते, बाबा माझ्या अगदी जवळून, न बघता सायकल घेऊन गेले. त्यांना फक्त समोरचं दिसतं. मी घंटी वाजवते तेव्हा ते थांबतात. आज घंटी कोण वाजवणार?”

ताईने मला नंतर सांगितलं की त्या एका क्षणात तिला काचेचं टेबल दिसलं, गालिचा दिसला, कुंड्या दिसल्या. तिने शेजारच्या आजींना हाक मारून थोरलीला त्यांच्या हवाली केलं आणि घरातल्या स्लिपरवरच सायकल काढली.

लाकडाच्या वखारीपाशी चार रस्ते मिळतात. सकाळी तिथे गाड्यांची ही गर्दी. ताईला ते दोघं लांबूनच दिसले. भावोजी सायकलवर बसलेले नव्हते. ते खाली उतरून, हँडल घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. धाकटी कॅरिअरवर. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने हाक मारली, पण आवाज गाड्यांत विरला. अजून बरंच अंतर होतं.

भावोजी मान पूर्ण वळवून एकीकडे बघायचे, मग पूर्ण वळवून दुसरीकडे, आणि तेवढ्यात पहिल्या बाजूला काय चाललंय याची खात्री उरायची नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. ते धाकटीला काहीतरी विचारताना दिसले. धाकटीने ऐटीत इकडे तिकडे बघितलं. आज बाबांनी तिला काम सांगितलं होतं. तिने हात वर करून खूण केली: आता.

भावोजी निघाले. वखारीच्या आडून भाजीचा टेम्पो वळला.

ब्रेकचा आवाज ताईच्या अजून कानात आहे. टेम्पोने पुढचं चाक खाली घेतलं आणि सायकल फरफटत नेली. भावोजी हँडल सोडायला विसरले, त्यामुळे तेही ओढले गेले. धाकटी मागच्या मागे उडून वाळूच्या ढिगाऱ्याच्या कडेला पडली. तिची हनुवटी फुटली. ताई पोचली तेव्हा धाकटी रक्ताळलेल्या तोंडाने एकच सांगत होती, “आई, मी नीट बघितलं होतं. खरंच नीट बघितलं होतं.”

धाकटीला टाके पडले. भावोजींचा उजवा हात मनगटात मोडला होता. इस्पितळाच्या त्या लांब खोलीत, प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून, त्यांनी ताईला सगळं सांगितलं. मी तिथेच होते.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. चष्म्याचा नंबर काढायला गेले असताना कळलं. बाजूची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. मधली शाबूत होती, म्हणून दिव्याखाली दात बसवताना काही अडत नव्हतं. उरलेली नजर औषधाच्या थेंबांनी टिकवायची होती. थेंबांची बाटली ते लॅबमध्ये मेणाच्या डब्यामागे ठेवायचे. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं.

“आणि सायकल?” ताईने विचारलं.

“ते मी विचारलं नाही.”

“म्हणजे ते टेबल...”

“हो.”

“शोकेस? गालिचा?”

“हो.”

“माझ्या कुंड्या?”

ताई त्या कुंड्यांवरून रडली. बाकी सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी ऐकलं होतं.

मग म्हणाली, “मला वाटलं आपण सुखात आहोत.”

“होतोच ना,” ते म्हणाले. “ते काही खोटं नव्हतं. माझ्या वडिलांना मी बोटाला धरून फिरवलंय. मी धाकटीएवढा होतो. त्यांचे डोळे चाळिशीतच गेले होते कामातून. लोक माझ्याशी बोलायचे, त्यांच्याशी नाही. ते शेजारी उभे असायचे आणि लोक मला विचारायचे, यांना पाणी हवं का. मी तुम्हाला सांगितलं असतं तर त्या दिवसापासून तुम्ही मला हाताला धरलं असतं.”

“आणि आता धाकटीला धरायला लावलंत,” ताई म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती. पण पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान फिरवली.

थोरलीला ते ठाऊक आहे हे भावोजींना माहीत होतं का, हे मी नंतर ताईला विचारलं. ती म्हणाली, माहीत असणारच. इतके महिने दोघं रोज जोडीने जात होती आणि त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

त्यानंतर भावोजींनी सायकल चालवली नाही. हात जुळायला वेळ लागला. बोटांत पूर्वीची सफाई आली नाही, तरी लॅबच्या मालकांनी त्यांना पॉलिश करायच्या कामावर ठेवून घेतलं. ते चालत जातात. ताई आणि मुली सायकलवरच जातात. गाडी पुन्हा घेतली नाही, तशी कुणाची इच्छाही नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते घर अजून छानच वाटतं.

पण हा आजार वडिलांकडून मुलांकडे येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ताई दोघींना तपासायला घेऊन गेली. धाकटीचे डोळे ठणठणीत निघाले. थोरलीला मात्र आतल्या खोलीत नेलं.

ती अंधारी खोली होती. थोरलीने एका मोठ्या पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घातलं, हनुवटी टेकवली. हातात एक बटण दिलं. आत कुठेही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. ताईला मागच्या स्टुलावर बसू दिलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. तिला यंत्राची पाठ दिसत होती आणि मुलीची वेणी. आतले दिवे दिसत नव्हते. फक्त बटणाचा आवाज यायचा. टक. टक. टक.

मग आवाज थांबला.

ताई थिजून बसली. दिवाच लागला नाही, की लागला आणि पोरीला दिसला नाही? तपासनीस बाई पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. टक. पुन्हा शांतता. ताईने साडीचा पदर मुठीत आवळला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद दिव्यापुढे धरला, खाली ठेवला. “आज काही सांगण्यासारखं नाही. एका कडेला थोडी शंका आहे. पहिल्यांदा बसलेली मुलं गोंधळतात. सहा महिन्यांनी पुन्हा करू.”

जिन्यावरून उतरताना थोरलीने विचारलं, “आई, मध्ये बराच वेळ दिवा लागलाच नव्हता ना?”

ताईला काय माहीत! पण पोर थांबून तिच्या तोंडाकडे बघत होती.

“नव्हता लागला,” ताई म्हणाली.