रेघा गोल होत्या

"आधी पाणी, मगे फडको."

दर रविवारी सकाळी हे वाक्य आमच्या चाळीच्या गॅलरीत निदान दहा वेळा ऐकू यायचं. काका स्टुलावर बसलेले, पुढ्यात पाण्याचं पातेलं, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कुणाचाही चष्मा हातात आला की काचेला बोट न लावता ते तो उजेडाकडे धरायचे आणि मान तिरकी करून विचारायचे, "शर्टान पुसलंस ना रे मेल्या?"

उत्तर नेहमी 'हो'च असायचं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर सोसायटीतले लोक पुन्हा हसतील, आणि आधी ते हसणं थांबायला हवं.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची स्मरणिका निघाली. चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही जुने चार-पाच जणच उरलोय. स्मरणिकेत 'गमतीजमती' म्हणून एक पान आहे. त्यात छापलंय: 'आपल्या चाळीत एक काका फुकट चष्मे पुसून द्यायचे. एकाचा फॉरेनचा चष्मा त्यांनी असा घासला की त्याची वाटच लागली!' सेक्रेटरीने हे माईकवरून वाचून दाखवलं. सगळा हॉल हसला. मी पहिल्या रांगेत, अंगावर शाल, हातात नारळ. कशाला हसलात? तुमच्यातल्या निम्म्यांनी तो माणूस पाहिलेलाही नाही. बाकीच्यांनी पाहिला होता, त्यांनी तर हसायलाच नको होतं.

तर आता नीट ऐका.

जोगेश्वरीला आमच्या चाळीमागच्या टेकडीवर तेव्हा खडी फोडायचं मशीन होतं. दिवसभर घरघरायचं. भांड्यांवर, उशांवर, देवाच्या फोटोंवर पांढरट धूळ बसायची. काका म्हणायचे, "ही धूळ नाय, बारीक दगड तो. काचेवर दगड घासतंस?" म्हणून आधी पाणी. आणि पाणी म्हणजे काय होतं हे आज चोवीस तास नळ असणाऱ्यांना सांगून कळणार नाही. सकाळी तासभर यायचं आणि जायचं. त्यातलं एक पातेलं काका आमच्या चष्म्यांसाठी बाजूला काढून ठेवायचे. काकी कुरकुरायच्या, "लोकांच्या चष्म्यांका पाणी, माका भांड्यांका नाय."

काका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि हे नुसत्या नजरेने दोष पकडायचे. दोष बघून तो कुठल्या मागावरचा ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. गिरणी बंद पडली तरी कापडाची जाण कुठे जाणार? डब्यात त्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराचे चौकोन असत, उकळून, घरातच वाळवलेले. बाहेर दोरीवर नाही, कारण धूळ. कांजीचं कापड चालायचं नाही, टेरिकॉटचं तर नावच काढायचं नाही. चष्मा पाण्यात बुडवायचा, साबणाचा थोडा फेस बोटाच्या पेराने लावायचा, नाकाच्या खाचेतला मळ काढायचा, पुन्हा पाणी, झटकायचं, आणि मग मलमल. नाकाकडून कानाकडे. सरळ. एकदाच. उलटा हात नाही.

मी तेव्हा पस्तिशीचा, विमा कचेरीत कारकून. दादा आखातात होता. त्याने माझा नंबर मागवून घेऊन तिकडून चष्मा करून आणला होता. बारीक सोनेरी फ्रेम, आणि काचा काचेच्या नव्हेत, फायबरच्या. इतका हलका की डोळ्यांवर आहे हे विसरायला व्हायचं. चाळीत तसा दुसरा नव्हता, हे मी मात्र कोणाला विसरू देत नसे.

गणपतीच्या आधीचा रविवार. संध्याकाळी दादा येणार, म्हणून मी सकाळपासून खिडकीच्या गजांना ऑइलपेंट लावत होतो. एक थेंब उडाला तो थेट काचेवर. पाण्याने निघेना. मी अंगठ्यावर दंतमंजन घेतलं आणि घासत बसलो. माझ्या जुन्या जाड काचा मी तशाच चमकवायचो, काकांनी शंभरदा बजावूनही. थेंब निघाला. काच धुतली, ओली काच लख्ख दिसली. तसाच निथळता चष्मा घेऊन मी गॅलरीत गेलो.

"काका, जरा मस्त पुसून द्या. दादा येतोय."

काकांनी चष्मा पाण्यात बुडवला, झटकला, मलमल फिरवली, उजेडाकडे धरला. काच वाळली आणि तिच्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरट पडदा दिसायला लागला.

"काय केलंत हे काका?" मी ओरडलो.

"मी?"

"मग कोण? फडक्यात काय होतं तुमच्या? फॉरेनचा चष्मा आहे तो!" आणि मग, सगळी गॅलरी ऐकत असताना, मी म्हणालो, "चूक माझीच. गिरणीतल्या हातांत असल्या वस्तू द्यायच्याच नसतात."

त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की हे त्यांनीच केलं. तेवढ्यापुरती माफी असेल तर असो. पुढच्याला नाही.

काकांनी चष्मा दोनदा तिरका करून पाहिला. नाकाजवळ नेला. लवंगेचा वास येत असणार, मंजनाला तो होताच. मग त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखात पांढरं अडकलं होतं. अगदी हळू म्हणाले, "गोल आसत."

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. रेघा गोल होत्या. काकांचा हात सरळ जायचा, अंगठा गोल फिरतो. कापडावरून माग ओळखणाऱ्या माणसाने काचेवरून अंगठा ओळखला होता.

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि थांबले. रागाने नाही. समोरचा काहीतरी बोलायचा आहे, त्याला बोलू द्यावं, तसे थांबले. मी अंगठा मुठीत घेतला आणि हात पाठीमागे नेला.

रांगेतल्या मास्तरीणबाईंनी आपला चष्मा हळूच उचलला. "राहू दे काका, मी पुसते घरी." आणि तिथेच पदराने पुसायला लागल्या. पदराने! कोरड्या! वर्षभर ज्यांच्यासाठी त्या माणसाने आपल्या हंड्यातलं पाणी काढलं, त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की आजवर एक ओरखडा न उठवणाऱ्या हाताला आज काय झालं. त्यांचा मला आजही राग येतो. पण ते फसले होते. मी फसवलं होतं.

पुढचे दोन रविवार काका स्टूल टाकून बसले. पाण्याचं पातेलं भरलेलं. कोणी आलं नाही. तिसऱ्या रविवारी स्टूल बाहेर आलं नाही. गिरणी गेल्यावर त्या माणसाकडे एवढंच उरलं होतं, की आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याच्या नजरेवर भरवसा ठेवायचं. ते मी काढून घेतलं, तेही दादासमोर लाज जाऊ नये एवढ्यासाठी.

दिवाळीनंतर दोघं कायमचे गावी निघाले. मी त्यांची ट्रंक एसटीपर्यंत उचलून नेली. तेवढंच करायची हिंमत होती. गाडी लागली. काकांनी वळून माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, प्रवासाच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, खिशातली मलमल काढून सरळ पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला.

"डोळ्यांक त्रास होता काय रे?"

"नाही," मी म्हणालो. एवढं एकच बोललो. तेही खोटं.

काका पुढच्याच वर्षी गेले. काकींचं पत्र आलं होतं.

हे सगळं छापा म्हणून मी परवा सेक्रेटरीकडे गेलो. तो म्हणाला, "आजोबा, एवढं काय मनाला लावून घेता? गंमत होती ती." मी त्याला घरी आणला. तो चष्मा माझ्याकडे आहे. मी नळाखाली धरला आणि निथळता त्याच्या हातात दिला.

त्याने उजेडाकडे धरला. "काय झालंय याला? चांगला तर आहे."

"थांब," मी म्हटलं. "वाळू दे."