खिळ्यावरची चावी आणि मन्मथची बाटली

किस्से शोधायला कोणी निघत नाही. वाण्याच्या पायरीवर रोज संध्याकाळी बसणाऱ्याच्या सदऱ्यावर हळदीची धूळ जशी नकळत उतरते, तसे ते अंगावर साचतात. घरी जाऊन कितीही झटकले तरी पिवळी छटा उरतेच. बीडमधल्या शिवलिंगअप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर मी संस्कृतचे तास आटोपून अनेक वर्षे बसलो. तिथे साचलेल्यांपैकी हे काही, आणि सगळे एकाच बाटलीचे!

अप्पांच्या तराजूमागच्या भिंतीला एक खिळा होता. त्या खिळ्यावर त्यांच्या पांढऱ्या मोटारीची चावी. गल्लीत गरज ज्याची, चावी त्याची. परवानगी मागण्याची रीत नव्हती. "अप्पा, नेतो," एवढे म्हणणे पुरे. त्या मोटारीतून नवरी गेली, आजारी गेले, तुरीची पोती गेली, आणि एकदा तर एक शेळीही पशुवैद्याकडे जाऊन आली.

अप्पांचा मुलगा मन्मथ पुण्यात शर्यतीच्या मोटारींची इंजिने जुळवणाऱ्या कार्यशाळेत कामाला होता. अप्पांना एकट्याने दुकान झेपेना, तेव्हा तो निमूट परत आला आणि गल्ल्यावर बसला. तक्रार नाही, कुरकुर नाही. उदारीकरणाचे दिवस होते; रस्त्यावर रोज नवी मोटार आणि फळीवर रोज नवा साबण. मन्मथ साबण विकायचा आणि मोटारीकडे पाहायचा. अशात दुबईच्या मित्राने त्याला एक खोके धाडले. आत निळी बाटली, नळ्या, बटणे आणि बारीक भोकांची पितळी तोंडे. नायट्रस!

"म्हंजी काय असतंय?" अप्पांनी विचारले.

"अप्पा, हा वायू इंजिनात गेला की आग जोरात पेटती. जोडीला तेवढंच जादा पेट्रोल द्यावं लागतंय. गाडी घडीभर दुप्पट जीव लावून पळती."

अप्पांनी तराजू स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. "बसव. संक्रांतीपर्यंत बघू. पर खिळ्यावरची चावी घेऊन गेलेला माणूस एकदा जरी पायी परत आला, तर बाटली भंगारात."

गुढीपाडव्याला बाटलीला विभूती लागली, नारळ फुटला.

* * *

जोडणीसाठी जब्बारभाईंचे गॅरेज ठरले. जब्बारभाई आमच्या पायरीवरचेच, पहिलवानी थाटाचे कारागीर. त्यांना कुठलीही गोष्ट लहान आवडत नसे. मन्मथने पितळी तोंडांतले सर्वांत बारीक भोकाचे तोंड उचलले. जब्बारभाईंनी ते उजेडात धरले.

"हे काय बे? ह्याच्यातून तर मुंगी बी तिरपी होऊन जाईल!"

"मुंगीच पायजे, भाई. हत्ती गेला तर पिस्टन वितळंल."

"मोठं तोंड खोक्यात कावून ठिवलं मग त्यांनी?"

"तुमच्यासारख्यांसाठी."

जब्बारभाई दिवसभर रुसले. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून बाटलीच्या तोंडापासून गाडीच्या तळाखाली एक नळी काढून दिली. दाब फार वाढला, तर वायू बसणाऱ्यांच्या अंगावर न येता रस्त्यावर जावा, ही त्यामागची योजना. बाटलीही त्यांनी मागच्या सीटच्या पायाशी लोखंडी पट्ट्यांनी अशी जखडली, की मन्मथला सोडवताना घाम फुटावा. "मोटार उलटली तरी बाटली सुलटी राहील!" असे त्यांचे आश्वासन. मोटारीत बसलेल्यांविषयी त्यांनी काही सांगितले नाही.

* * *

आमच्या पायरीवरचे चौथे गृहस्थ म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टर कुलकर्णी. हाच वायू त्यांच्या शस्त्रक्रियागृहात रोजच्या वापरातला. पुण्याला न जाता बाटली भरून मिळेल, या आशेने मन्मथ त्यांच्याकडे गेला.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "माझा साठा रुग्णांसाठी आहे. शिवाय आपल्या दोघांच्या धंद्यांत मुळातच विरोध आहे."

"तो कसा?"

"मी या वायूने माणसांना झोपवतो. तुला त्यांना जागे ठेवायचे आहे!"

* * *

खरी अडचण इंजिनाची नव्हतीच. ती खिळ्याची होती. चावी कोणीही नेणार, आणि बटण दिसले की ते दाबून पाहणे हा मनुष्यस्वभाव. म्हणून मन्मथने तीन पहारे बसवले. बाटलीच्या तोंडावरची, फिरवून उघडायची चकती एरवी बंद. समोरच्या बटणावर झाकण. आणि तिसरा पहारा पायाखाली: गती वाढवणारी ॲक्सिलरेटरची पट्टी पार तळाला टेकल्याशिवाय वायू सुटणारच नाही.

पशुवैद्य एकदा चावी घेऊन गेले. झाकण उघडून त्यांनी बटण दाबले, पट्टी तळाला टेकवली, श्वास रोखला. चकती बंद असल्यामुळे काहीही झाले नाही. परत येऊन ते म्हणाले, "मन्मथ, तुझी बाटली आजारी दिसते. तपासू का?"

आम्ही अप्पांविषयी मात्र निश्चिंत होतो. बैलगाडीला आपल्यामुळे धक्का लागू नये, म्हणून बैलगाडीच्याच गतीने मोटार हाकणारा माणूस तो! जब्बारभाई म्हणत, "अप्पांच्या पायाला पहारा कशाला? त्यांचा पाय म्हंजीच पहारा हाय!"

* * *

वैशाखात बीडच्या उन्हात मोटार उभी राहिली की आतली हवा तव्यासारखी तापे. बाटलीला तो ताप सोसत नाही. मन्मथने तिला गोणपाट गुंडाळले आणि ते दिवसातून अनेकदा ओले करू लागला.

अप्पांची थोरली बहीण आक्का तेलगावला राहत. त्या आल्या की कपिलधारला दर्शनाला जायचे, हे ठरलेले. परतीच्या वाटेवर त्यांनी मागच्या सीटच्या पायाशी ओले गोणपाट पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पोरानं गाडीत मातीची घागर ठिवली! लई गुणाचं हाय."

त्यांनी पेला पुढे धरला. गाडी चालवणारा मन्मथ म्हणाला, "आक्का, ते पाणी न्हाई. वारं हाय."

"वारं कुणी बाटलीत भरतंय का? बाहेर फुकट हाय की!"

तरी थंडीत आक्का आल्या, तेव्हा त्यांनी येताना एक छोटी गोधडी शिवून आणली होती. गोणपाट आता नको, बाटली गारठेल, असे त्यांचे म्हणणे. मन्मथने मला हळूच सांगितले, "सर, थंडीत बाटलीला ऊबच लागती. पुण्यात ह्यासाठी वेगळं आवरण मिळतंय." आक्कांना मात्र त्याने फक्त नमस्कार केला. पुण्याचे आवरण कधीच आले नाही.

* * *

बाटलीत किती वायू उरला, हे डोळ्यांना दिसत नाही, वजनावरूनच कळते. म्हणून दर रविवारी मन्मथ पट्ट्या सोडवून बाटली दुकानात आणायचा आणि साखरेच्या मोठ्या तराजूत ठेवायचा. एका पारड्यात बाटली, दुसऱ्यात लोखंडी मापे. गिऱ्हाईक थबकून पाही.

"अप्पा, हे काय भाव?"

"विकायचं न्हाई," अप्पा गूळ फोडता फोडता सांगत. "पोराचं हाय."

तराजू स्थिर झाला की मन्मथ आम्हाला नियम ऐकवायचा. "इंजिन तापलेलं पायजे. तिसरा गिअर. रस्ता सरळ, समोरून कोणी न्हाई. चकती उघडायची, झाकण वर, बटण दाबायचं, मग पाय तळाला. चार-पाच मोजायचे आन् पाय उचलायचा." दर रविवारी तेच शब्द, त्याच क्रमाने. जब्बारभाई जांभया देत. डॉक्टर वर्तमानपत्र उघडत. अप्पा पुड्या बांधत. वापरायला मन्मथला सवड कुठे होती? पहाटे मोकळ्या रस्त्यावर कधीमधी, तेही बेताने. बाटली आठवडेच्या आठवडे तेवढीच भरे, आणि ते वजन सांगताना त्याचा आवाज थोडा उतरे.

एकदा अप्पा म्हणाले, "संक्रांत जवळ आली." मन्मथ मापे आवरू लागला.

* * *

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. दुकानात तिळाची रास आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अप्पा माल पोचवायला एकटेच तेलगावला गेले होते. तिथे आक्कांच्या छातीत कळ आली. अप्पांनी त्यांना मागच्या सीटवर निजवले आणि तडक बीडच्या रुग्णालयात आणले. आम्ही धावत पोचलो, तोवर उपचार सुरूही झाले होते. जीव वाचला.

रविवारी आम्ही पायरीवर जमलो. डॉक्टर रुग्णालयातून येत होते. "आक्कांनी आज चहा मागितला," ते म्हणाले. "अगदी वेळेत आल्या. पण अप्पा, मला एक कळत नाही. ऊस सुरू आहे, रस्ता तुंबलेला, आणि चालवणारे तुम्ही!"

अप्पा तीळ मोजत होते.

मन्मथने बाटली आणून पारड्यात ठेवली. मापे असलेले पारडे धाडकन खाली बसले आणि बाटलीचे वर गेले. त्याने एक माप काढले. मग दुसरे काढले. बाटली वरच.

"भाई," तो जब्बारभाईंकडे वळला, "खरं सांगा. कोणी वापरली?"

"अल्लाकसम, मी हात न्हाई लावला!"

"डॉक्टर?"

"मी झोपवणारा माणूस."

मन्मथ माझ्याकडे पाहणार, एवढ्यात तराजूमागून आवाज आला. मान खाली, हात तिळात.

"इंजिन तापलेलं होतं. तिसरा गिअर होता. समोर कोणी न्हाई, हे बघितलं. चकती आक्काला निजवतानाच उघडली होती. पाय तळाला, चार-पाच मोजले, येक ट्रॉली मागं पडली की पाय उचलला. मग दुसरी. मग तिसरी." अप्पांनी पुडीला दोरा गुंडाळला. "आक्का मागून म्हनली, शिवलिंगा, आता वारं लागतंय बघ."

मन्मथ हातात माप धरून तसाच उभा.

अप्पांनी खिळ्यावरची चावी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"उभा काय राहतोस? रिकामं भांडं दुकानात ठिवायचं न्हाई. पुण्याला जा, भरून आण."