दादाने स्वतःला पास केलं

माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि तेवढ्या बळावर जगातलं सगळं आपल्याला कळतं असं समजतो. नवव्या वर्षी त्याला मधुमेह जडला, तेव्हापासून इन्सुलिनची सुई मागे लागली. साखर घसरली तरी त्याला स्वतःला कळायचंच नाही. बोलता बोलता कोसळायचा. म्हणून एकतीस वर्षं वहिनी पर्समध्ये ग्लुकोज घेऊन दुकानातल्या मागच्या स्टुलावर बसून राहिली. सख्ख्या बहिणीकडे कधी मुक्कामाला गेली नाही. दादाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिला माझ्याशिवाय करमत नाही."

मग इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका नव्या उपचाराच्या प्रयोगात घेतलं आणि मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी त्याच्या यकृतात सोडल्या. चार-सहा महिन्यांत सुई सुटली. बाईंनी बजावलं होतं, "शरीर या पेशींना परकं समजून मारून टाकतं. ते थांबवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. चुकवायच्या नाहीत." दादाने नंदीबैलासारखी मान डोलावली. सुई सुटल्यावर वहिनीने बहिणीला फोन केला, "पुढच्या महिन्यात येते, चांगली महिनाभर राहते," आणि त्याच दिवशी माळ्यावरची बॅग काढली.

दुरुस्त केलेलं घड्याळ दादा आठ दिवस फळीवर ठेवतो, त्याला बोटही लावत नाही. वेळ चुकली नाही की पास. या शहाण्याने तोच नियम स्वतःला लावला! गोळ्या गुपचूप बंद केल्या. आठ दिवस साखर उत्तम राहिली. स्वारीने स्वतःला पास केलं आणि उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

वहिनी निघायच्या दोन दिवस आधी साखर चारशेच्या घरात गेली. तपासण्या झाल्या.

"पेशी गेल्या," बाई म्हणाल्या. "गोळ्या का थांबवल्या?"

"त्यांच्याशिवाय चालतंय का, ते बघत होतो." गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं त्याने. मला शरमेने मान वर करवेना.

वहिनीने हळूच विचारलं, "पुन्हा देता येतील?"

"यांना नाही. या प्रयोगात एकदाच मिळतात."

घरी आल्यावर वहिनी बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात लावू लागली. दादा दारात उभा राहून बघत होता.

"अगं, तू जा ना. मी कुठे अडवलंय तुला?"

कानाखाली वाजवावीशी वाटली मला. वहिनीने वळूनही पाहिलं नाही.

"जेवणाआधीची सुई घेतलीत का?" तिने विचारलं.

घेतली नव्हती.