समासबाईंची सही

मुलं पाठीमागे त्यांना समासबाई म्हणत आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. चित्रकलेच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं अक्षरांची मांडणी शिकवताना त्यांनी एकच तुणतुणं लावलं होतं: समास सोडा. कागदाच्या चारही कडांना मोकळी जागा हवी म्हणजे हवी. बाई पट्टी लावून मोजायच्या आणि सूतभर कमी भरलं तरी कागद परत. पोरं कुरकुरत, पण करून आणत. बाईंपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

त्यांचा आणखी एक नियम होता. विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाचं पोस्टर छापून आलं की पहिली प्रत बाईंच्या टेबलावर यायची. बाई ती तपासून उलटी करायच्या आणि मागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पास' लिहून सही ठोकायच्या. त्याशिवाय एकही प्रत भिंतीवर चढत नसे. स्वतःचं काम मात्र स्वतः पास करायचं नाही. 'रंगाचे ब्रश इथे धुऊ नयेत' एवढी पाटी जरी बाईंनी लिहिली, तरी सहीसाठी त्या ती शिपायाकडे नेत. एकदा त्याने ती उजेडाला धरून "अक्षर जरा बारीक वाटतंय, बाई" म्हणून परत पाठवली, तर बाईंनी मुकाट्याने पुन्हा लिहून आणली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मोठं टेबल, दोन खुर्च्या. एकीवर बाई बसत, दुसरीवर रद्दी. भावजय रविवारी फोन करून विचारायची, "काय वन्सं, आता आराम ना?" आराम कसला, घर खायला उठत होतं.

प्रदर्शनाचे दिवस जवळ आले तसं बाईंना राहवेना. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी पोस्टर करायला घेतलं. कॉलेजातून कोणीतरी विचारायला येईल, निदान सहीला तरी येईल, ही आशा त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. तीन आठवडे लागले. काळी अक्षरं, एक तांबडी रेघ आणि चारही बाजूंना ऐसपैस समास. झालं, म्हणून कॉलेजात फोन करायला काय हरकत होती? पण बाईंचा मानीपणा आडवा आला. त्या वाट बघत बसल्या.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात बाईंच्या शेवटच्या वर्गातल्या दोघी, एक उंच आणि एक चष्मेवाली.

"मॅडम, पोस्टर आणलंय!" चष्मेवालीने हातातली गुंडाळी नाचवली.

बाईंनी लगबगीने आपलं पोस्टर टेबलावरच पालथं घातलं आणि खुर्चीवरची रद्दी उचलून आत टाकली. मुलींनी त्या पालथ्या कागदावरच आपलं पोस्टर पसरलं. त्याला समासच नव्हता. अक्षरं थेट कडेला जाऊन भिडली होती, एक तर अर्धं कागदाबाहेर पडलं होतं.

"ओरडा मॅडम, आम्ही तयारीनेच आलोय."

बाईंनी सवयीने पट्टी लावली, पण मोजायला काही नव्हतंच. आणि खरी पंचाईत अशी की पोस्टर चांगलं होतं. रस्त्याच्या पलीकडचा माणूस थांबून वाचेल इतकं चांगलं. खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. इतक्या लांब पोरी सहीसाठी आल्या, म्हणून त्यांना भरून आलं. केसात खोचलेली पेन्सिल काढून त्यांनी पोस्टर उलटं केलं.

खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पास' लिहिलेलं होतं. सही नव्या सरांची, तारीख सोमवारची.

"सरांनी तुमची पद्धत अगदी तशीच चालू ठेवलीय," उंच मुलगी कौतुकाने म्हणाली. "कॉलेजात मंगळवारीच लागली सगळी पोस्टरं. पण पहिली प्रत मॅडमनाच नेऊन द्या म्हणाले, आठवण म्हणून."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल पुन्हा केसात खोचली. "बसा, चहा टाकते."

"नको मॅडम, अजून दहा ठिकाणी लावायचीत. तुम्ही येणार ना प्रदर्शनाला?"

"बघते."

जिन्यावरून दोघींचं हसणं खाली उतरत गेलं. बाईंना फार एकटं वाटलं. त्यांनी मुलींचं पोस्टर गुंडाळून बाजूला ठेवलं, आपलं उताणं केलं, पट्टी लावली. समास चारही बाजूंनी काटेकोर होता. मग ते परत उलटं करून खालच्या कोपऱ्यात पेन्सिल टेकवली, आणि तशाच थांबल्या. मान वर करून त्यांनी समोर पाहिलं. दुसऱ्या खुर्चीवर आज रद्दीसुद्धा नव्हती.

सहीला न्यावं असं घरात कोणीच नव्हतं.